नलूआत्या, तिसरा भाग मिळाला नाही

आत्या, काल तुझ्याकडे नळाला पाणी आलं. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, म्हणून गेले. कुणासाठी भरायचं, हे ड्रमची झाकणं काढल्यावर मनात आलं. तरी भरलं. पाइप टाकून बाल्कनीत बसले. समोरचा टॉवर आता पूर्ण झालाय. पोहण्याच्या तलावाची ती जाहिरात, जिला तू रोज सकाळी शिव्या घालायचीस, ती काढलीय. तलाव झाला की नाही, माहीत नाही. आपली बोअर मात्र त्यांची बोअर लागल्यापासून आटली ती आटलीच.

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलली. नलूताई शिस्तीच्या. धरणाच्या ऑफिसात जन्म घालवला, पण सरकारी पेन्सिल कधी घरी आणली नाही. लग्न केलं नाही, भावाच्या पोरांचं मात्र सगळं केलं. मी मान डोलवत होते. सुदाम आणि रेखा दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसले होते. ही दोघं कोण, असं दोघातिघांनी मला विचारलं. मी म्हणाले, आत्याच्या ओळखीचे. गुरुजींसमोर, नातेवाइकांसमोर कसं सांगणार होते, की ही दोघं तुझ्या नावेत होती? की तू कित्येक वर्षं एक नाव डोंगरातून खाली आणत होतीस आणि ती नदी कुठल्याच नकाशात नाही? तिथं बोलता आलं नाही. म्हणून इथं.

मी पुण्याहून परत आले ते संसार मोडून. तुला सगळं माहीत होतं, पण तू एक अक्षर विचारलं नाहीस. बाकी सगळ्यांनी विचारलं. वाळूजच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले, आणि कंपनीच्या बसमध्ये डिस्पॅचचा सुदाम भेटला. अजिंठ्याच्या पलीकडच्या गावचा, घरची शेती, इथं बजाजनगरात बायको रेखासोबत राहणारा. पुण्याला होस्टेलात शिकलेल्या एका खेळाबद्दल मी त्याला सहज सांगितलं, तर तो रोज मागं लागला. माझ्या खोलीत जागा नव्हती, त्याच्या गल्लीत टँकरवरून भांडणं. उरलं तुझं उस्मानपुऱ्यातलं घर. तू लगेच हो म्हणालीस, कारण तुझा हिशेब वेगळा होता. 'ज्या दिवशी पाणी येतं त्या दुपारी या. तो पोरगा धडधाकट आहे, ड्रम हलवील.'

खेळ म्हणजे काय, हे तू पुढं माझ्यापेक्षा सोपं करून सांगायचीस. शेजारणीनं एकदा विचारलं, 'काय चालतं गं नलू तुमचं? मोठमोठ्यानं बोलता.' तू म्हणालीस, 'गोष्ट चालते. मनू सांगते आणि आम्ही त्यात असतो. ती म्हणते समोर नदी आहे, आम्ही सांगायचं आता आम्ही काय करणार. जमलं का नाही, ते फासे टाकून बघायचं.'

'आणि जिंकतं कोण?'

'कुणी नाही. जिंकायला काय निवडणूक आहे?'

पण पहिल्या दुपारी तू खेळायला बसली नव्हतीस. स्वयंपाकघरात चिवड्याला फोडणी देत होतीस. सुदामचा शिपाई आणि रेखाची वैदू एका गढीच्या बंद दारासमोर उभे होते. सुदाम म्हणाला, 'लाथ घालतो.' मी म्हणाले, टाक फासे. तेवढ्यात आतून तुझा आवाज आला, 'अरे, आधी ठोठावून बघितलं का?'

मी खेळाचं पुस्तक चाळलं. पुस्तकात दार फोडण्याचे नियम होते, ठोठावण्याचा एकही नव्हता. मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, आतून एका पहारेकऱ्यानं डोळे चोळत दार उघडलं. सुदाम इतका हसला की हातातला चहा सांडला. 'आत्याबाई, भाईर या तुम्ही. तुमच्याबिगर आमचं काय खरं नाय.' तू पदराला हात पुसत आलीस आणि बसलीस.

ते पुस्तक माझ्या वयाचं, इंग्रजी. छापील प्रती कधीच्या संपलेल्या. खेळ काढणारी कंपनी त्याच्या फायली विकायची, टॅबवर वाचता येतील अशा. एक नदी आणि तिचे तीन भाग. पहिला डोंगरातला, दुसरा मैदानातला, तिसरा समुद्राला मिळतानाचा. प्रत्येकानं त्यातला एक माणूस व्हायचं. मी यादी वाचत होते, शिपाई, वैदू, व्यापारी, चोर. नावाड्यापाशी तू मला थांबवलंस. 'हे मला दे. सगळी नोकरी धरणाचं पाणी कागदावर उतरवण्यात गेली. आता जरा पाण्यावर बसते.' नाव ठेवलंस गोदू.

गोदूनं कधी हत्यार धरलं नाही. काठावर लुटारू आले की सुदाम तलवार उपसायचा आणि तू त्यांना विचारायचीस, 'तुम्हाला कुठं जायचंय?' निम्मे लुटारू मग नावेत बसायचे. पुस्तक लिहिणाऱ्यानं असं काही योजलं नसणार. मला दर वेळी नवं काहीतरी सुचवावं लागायचं. खरं सांगू, त्या वर्षांत माझं डोकं तेवढ्या एका दुपारीच चालायचं. बाकीचे दिवस मी नुसती ढकलत होते.

आणि फाशांत तू खोटं बोलायचीस. फासा डोळ्यांजवळ नेऊन, तीन पडले तरी ठासून 'सहा!' म्हणायचीस. आम्हाला तिघांना दिसायचं. रेखा ओठ दाबून हसायची. सुदाम म्हणायचा, 'आत्याबाईचा फासा लई गुणाचा हाय.'

डोळे खरंच जात होते. पडदा सुकत चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. आधी पेपर सुटला, मग पोथी, मग औषधाच्या बाटलीवरची अक्षरं. राहिला तो टॅब. त्यावर दोन बोटांनी तू पान इतकं मोठं करायचीस की एका ओळीत दोन-तीन शब्दच मावायचे. जे खेळून झालं असेल तेवढंच वाचायचं, हा तुझा नियम. सकाळी ऑफिसात असताना फोन यायचा. 'मनू, ह्या शब्दाचा अर्थ काय गं? फार लांबडा आहे, तीन वेळा सरकवावा लागला.' मी बिलं बाजूला ठेवून अर्थ सांगायचे. पलीकडून तू तो शब्द हळूहळू म्हणून बघायचीस. डोळे गेल्यावर माणसाचं वाचन संपतं असं मला वाटायचं. तू त्या वयात एका परक्या भाषेतलं पुस्तक अक्षरं लावून वाचत होतीस.

तुझा दुसरा नियम असा, की एक भाग संपल्याशिवाय पुढचा विकत घ्यायचा नाही. मी एकदा म्हणाले, तिन्ही घेऊन टाकू. तू म्हणालीस, 'पुढचं ताट वाढून ठेवलं की पुढ्यातलं गोड लागत नाही.' तेव्हा मला पटलं. आजही पटतं. त्या नियमाचा मला राग नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

मग ती वाईट वर्षं आली. धरण तळाला गेलं. मृतसाठा हा शब्द बातम्यांत आला की तू चिडायचीस, 'मृत काय? आहे ना तळाला!' शहर मात्र वाढतच होतं. नवे रस्ते, नव्या वसाहती, प्रत्येकीला पाणी हवं. नळाचं पाणी आठवड्यानं यायला लागलं, मग त्याहून उशिरा. आपला खेळ पाण्याच्या दिवसाला बांधलेला, तोही लांबत गेला. सुदामच्या गावची विहीर आटली आणि त्याचे आईवडील बजाजनगरच्या दोन खोल्यांत राहायला आले. मग त्याचं येणं अवघड झालं. मैदानातला दुसरा भाग आपल्याला किती पुरला! शेवटी एका दुपारी नाव संगमावरच्या शेवटच्या घाटाला लागली. तू टाळी वाजवलीस. 'आता घे तिसरा. माझ्यादेखत घे.'

मी टॅबवर त्या कंपनीच्या दुकानाचं पान उघडलं. तिसरा भाग दिसला, पण विकत घ्यायचं बटणच नव्हतं. हे पुस्तक आता विक्रीला नाही, अशी एक ओळ होती. मला वाटलं नेटवर्क. सुदामनं त्याच्या फोनवर बघितलं, तिथंही तेच. आपण घेतलेले पहिले दोन भाग आपल्याकडे राहणार होते, पण नव्यानं कुणालाच कुठलाच भाग मिळणार नव्हता. कंपनी खेळाची नवी आवृत्ती आणत होती, म्हणून जुनं सगळं काढून टाकलेलं.

रेखानं विचारलं, 'म्हंजे दुकान बंद पडलं का?'

'दुकान चालू आहे. फक्त जुना माल काढलाय.'

'पण ह्या मालाला जागा कुठं लागती?'

 

त्या आठवड्यात हा खेळ खेळणाऱ्यांच्या गटात जगभरातून लोक लिहीत होते. मी तुला संध्याकाळी वाचून दाखवायचे. एक जण मुलासोबत खेळायचा, मुलगा आता वेगळ्या देशात होता, त्याला स्वतःची प्रत घेऊन द्यायची राहून गेली होती. एक बाई शाळेत शिकवायची, तिच्या वर्गानं नुकताच पहिला भाग संपवला होता. काही जण कंपनीला शिव्या देत होते. तू सगळं ऐकून म्हणालीस, 'त्या बाईला विचार गं, तिच्या वर्गात नावाडी कोण झालंय.' मी विचारलं. तिनं एका मुलीचं नाव कळवलं. तुला ते नीट उच्चारता आलं नाही, पण मग तू तिची चौकशी करत राहिलीस, जणू ती आपल्याच गल्लीतली.

छापील जुन्या प्रती बाहेरदेशी कुठं कुठं होत्या. त्यांची अक्षरं मुंगीएवढी, तुझ्या काय कामाच्या? मग गटातल्या एका अनोळखी माणसानं मला निरोप पाठवला. तिसऱ्या भागाची फाइल त्याच्याकडे आहे, हवी तर पाठवतो, पैसे नकोत. मी नाचत तुझ्याकडे आले आणि तू नाही म्हणालीस.

आपलं ते भांडण मला शब्दन् शब्द आठवतं.

'त्याची आहे का ती वाटायला?' तू विचारलंस.

'आत्या, ते विकतच नाहीत आता. आपण पैसे द्यायला तयार आहोत, घ्यायला कुणी नाही. मग ह्यात चोरी कसली?'

'लिहिणाऱ्याला विचारलंस?'

'फाशांत तीनचे सहा करतेस तेव्हा कुणाला विचारतेस?'

मला वाटलं होतं तू ओशाळशील. तू म्हणालीस, 'ते वेगळं. तुम्ही समोर बसलेले असता. मला पकडू शकता, हात धरू शकता. नाही धरत, ती तुमची मर्जी. तो माणूस इथं कुठं आहे माझा हात धरायला?'

सुदाम माझ्या बाजूनं होता, रेखा तुझ्या. चहा गार झाला. शेवटी लिहिणाऱ्याला विचारायचं ठरलं. तू मराठीत सांगितलंस, मी इंग्रजीत लिहिलं, की इथं धरणाजवळच्या एका शहरात तुमच्या नदीत आमची नाव आहे आणि आम्हाला पुढं जायचंय. कंपनीकडून उत्तर आलं, आवडीबद्दल आभार, नवी आवृत्ती जरूर बघा. लिहिणाऱ्याकडून आलंच नाही. तो जिवंत आहे का, हेही गटात कुणाला ठाऊक नव्हतं.

नवी आवृत्तीही मी आणली. तू दोन सकाळी घालवून यादी वाचलीस आणि फोन केलास. 'मनू, ह्यात नावाडीच नाही गं.' मी तपासलं. खरंच नव्हता. नदी होती, पण ती ओलांडायला एक मंत्र होता. 'मंत्रानं नदी ओलांडायची?' तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

मी म्हणाले, तिसरा भाग मी मनानं सांगते. तेही तुला चालेना. 'लिहिणाऱ्यानं काहीतरी ठरवलं असेल. तुझ्या मनचं नको.' चोरीची फाइल नको, माझं मनचं नको, नवं तर नकोच. मी ओरडले, 'मग करायचं तरी काय?'

'थांबायचं.'

आणि आपण थांबलो. पाण्याच्या दिवशी सगळे जमायचे, ड्रम भरायचे, चहा प्यायचे, निघून जायचे. टॅब कपाटावर. मला तुझा इतका राग यायचा, की दारातून निघताना मी तुझ्याकडे बघायचेही नाही. तू मात्र दर वेळी म्हणायचीस, 'पुढच्या पाण्याला या रे.'

मग तुझ्या हृदयानं दगा दिला. पायांवर सूज, दोन पावलांवर धाप. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि मी आत येऊन तुला दुसरंच सांगितलं. तू ऐकून घेतलंस. पकडलं नाहीस.

त्या दुपारी सुदाम आणि रेखा हॉस्पिटलात भेटायला आले होते. रेखानं मऊ भात आणला होता, तू दोन घास खाल्लेस. खिडकीशी ऊन होतं. तू डोळे मिटून पडली होतीस. आम्हाला वाटलं, झोप लागली.

'मनू, नाव कुठंय आपली?'

मला आधी समजलंच नाही. सुदामला समजलं. तो खुर्ची ओढून पुढं सरकला. 'संगमावरच्या घाटाला बांधलीया, आत्याबाई. तवापास्नं तिथंच हाय.'

'सोड मग.'

मी म्हणाले, 'आत्या, पुस्तक नाहीये.'

'मला माहीत आहे. सांग तुझ्या मनानं. पण खोटं सांगितलंस तर मला कळंल हं.'

मी सांगायला लागले. घाट मागं पडला, पात्र रुंदावत गेलं, पाणी चवीला मचूळ लागायला लागलं. काठावर माड आले. तू मधेच म्हणालीस, 'चिखलाचा वास येतो आधी, मग खारा.' ऑफिसच्या सहलीला तू एकदा कोकणात गेली होतीस. समुद्र तेवढाच बघितलेला. मी चिखलाचा वास आधी घातला. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून ऐकायला लागली. नर्स आली, सलाईन बघितलं आणि जरा रेंगाळून गेली.

नाव नदीच्या मुखाशी पोचली. समोर वाळूचा दांडा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. नावेत एक आजारी बाई होती, तिला पलीकडच्या बेटावर पोचवायचं होतं. मी म्हणाले, ओहोटी आहे. आत्ता निघालात तर नाव दांड्यावर अडकू शकते. थांबलात तर भरतीला अंधार पडेल.

'बाईला कसं वाटतंय?' तू विचारलंस.

रेखा वैदू होती. ती म्हणाली, 'ताप हाय. पर धीर धरील ती.' हे म्हणताना ती तुझा हात चोळत होती.

सुदामनं खिशातून फासे काढून तुझ्या तळहातावर ठेवले. तू मूठ मिटलीस. मग म्हणालीस, 'उद्या सांगते.'

पहाटे तू गेलीस.

आता सुदाम म्हणतो, आत्याबाईनं नाव घातली असती, ओहोटी का असंना. रेखा म्हणते, नाय, बाईला त्रास झाला असता, त्या थांबल्या असत्या. दोघं बसमध्ये, फोनवर, तुझ्या तेराव्याला चपलांजवळ बसूनही हेच बोलत होते. मी कुणाची बाजू घेत नाही. त्या अनोळखी माणसाचा निरोप अजून तसाच आहे. सुदाम म्हणाला, 'ताई, आता मागवा की. बगू तरी, त्यात काय लिवलंय.' मी मागवली नाही. तुझं म्हणणं मला पटलं होतं असं समजू नकोस. विकायचं बंद केलं म्हणून गोष्ट कुलपात ठेवायचा हक्क कुणाला मिळतो, हे मला आजही तुझ्याशी भांडायचंय. पण भांडण दोघींचं होतं. तू नसताना मी एकटीनं जिंकून काय करू?

एक गोष्ट मात्र बोलायला हवी होती. मी परत आले त्या वर्षी, खेळताना, नाव एका ओसाड धक्क्याला लागली होती. तिथं काहीच घडणार नव्हतं, पुस्तकात तर त्या धक्क्याचं नावही नव्हतं. तू तरी गोदूच्या आवाजात हाक दिलीस, 'कुणी बसायचं राहिलंय का?' आणि तुझ्या त्या अधू डोळ्यांनी माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, धक्क्यावर कुणी नाही. तू म्हणालीस, 'थांबू थोडं.' मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी तोवर गेलं होतं तरी नळाशी उभी राहिले. तुला हे कधी सांगितलं नाही. आभार मानायला गेले असते तर 'पुरे गं' म्हणाली असतीस. तरी मानायला हवे होते.

रेखाचं तुला सांगायचं राहिलं. बजाजनगरला टँकरची वाट बघत बायका तासन्‌तास बसतात. रेखानं त्यांना गोष्टीत घ्यायला सुरुवात केलीय. पुस्तक नाही, टॅब नाही, तिला इंग्रजीही येत नाही. जेवढं आपल्यासोबत खेळली तेवढं तिला येतं. परवा रविवारी तिनं मला बोलावलं. देवळाच्या पत्र्याखाली चटई, भोवती रिकाम्या घागरी, पाच-सहा बायका. एकीनं विचारलं, 'हे कुठं भेटतं वो? मोबाइलवर घ्यावं म्हणते.'

रेखा म्हणाली, 'नाय भेटत. बसा, सांगते.'

तिनं डोंगर सांगितला, नदी सांगितली. मग एकेकीला विचारत गेली, तुम्ही कोण होणार. एक शिपाई झाली. एक चोर झाली आणि लाजून हसली. माझी पाळी आली.

'तुम्ही कोण, ताई?'

आत्या, इतकी वर्षं मी गोष्ट सांगत आले. तिच्यात कधी कुणी झालेच नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

'मला जरा वेळ द्या,' मी म्हणाले.

'घ्या की,' रेखा म्हणाली, आणि शेजारच्या बाईकडे वळली.